ड्रॅक्युलाचा धाकटा भाऊ कुठे गेला?

'ड्रॅक्युला अनटोल्ड' हा २०१४ सालचा सिनेमा अलीकडे पाहिला आणि साफ निराशा झाली. भुताखेतांचे सिनेमे मला वर्ज्य नाहीत. नारायण धारपांची 'लुचाई' मी एका रात्रीत वाचून संपवली होती, हे घरातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्यामुळे "आजोबांना वटवाघळं झेपली नाहीत" असं कोणी म्हणू नये. वटवाघळं चांगली होती, तक्रार आहे ती इतिहासाबद्दल.

या सिनेमाच्या नावातच दावा आहे की आजवर न सांगितलेली गोष्ट आम्ही सांगतोय. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला आपल्याला माहीत असतो, पण त्या नावाचा खराखुरा राजा पंधराव्या शतकात होऊन गेला आणि त्याची कथा आता पडद्यावर येणार, अशी अपेक्षा लावून माणूस बसतो. दिग्दर्शक गॅरी शोअर यांचा हा पहिलाच मोठा सिनेमा. ल्यूक इव्हान्स हा व्लाद झालाय, डॉमिनिक कूपर सुलतान मेहमेद. गुहेतल्या म्हाताऱ्या पिशाच्चाच्या भूमिकेत चार्ल्स डान्स, आणि सिनेमातला सगळ्यात चांगला नट तोच.

कथा थोडक्यात अशी. सुलतान हजार मुलगे मागतो, शिवाय व्लादचा स्वतःचा मुलगाही मागतो. व्लाद मुलगा द्यायला नकार देतो. ताकद मिळवण्यासाठी गुहेतल्या पिशाच्चाचं रक्त पितो आणि मग एकटा हजार तुर्कांचा फडशा पाडतो. शेवटी तंबूत शिरून सुलतानाला ठार मारतो. मग एकदम आजचं लंडन, आणि पुढच्या भागाची सोय. दीड तासात सगळं आटोपतं.

आता यात भूत खोटं आहे याचं काही वाटत नाही, भूत खोटंच असायचं. पण माणसंही खोटी करून ठेवलीत, आणि तीही खऱ्यापेक्षा कितीतरी फिकी. खरी कथा हातात असताना ती टाकून दिली याचं दुःख जास्त. म्हणून ती कथाच सांगतो.

व्लादचे वडीलही व्लादच. ते वालाकियाचे सत्ताधीश होते. वालाकिया म्हणजे आजच्या रुमानियाचा दक्षिण भाग, कार्पेथियन डोंगर आणि डॅन्यूब नदी यांच्या मधला. (ट्रान्सिल्व्हेनिया डोंगरापलीकडे, आणि ते तेव्हा हंगेरीच्या राज्यात होतं.) लक्झेंबर्ग घराण्याच्या सिगिस्मुंड राजाने १४०८ साली 'ड्रॅगनचा पंथ' नावाची सरदारांची संघटना काढली होती. थोरल्या व्लादना १४३१ साली तिच्यात घेतलं. तेव्हापासून ते 'ड्रॅकुल' झाले, आणि त्यांचा मुलगा 'ड्रॅक्युला', म्हणजे ड्रॅकुलचा पोर. नावाचा मूळ अर्थ एवढा साधा आहे.

वालाकियाची अवस्था जात्यातल्या दाण्यासारखी. वरचं पाळं हंगेरीचं, खालचं तुर्कांचं. १४४२ च्या सुमारास सुलतान दुसरा मुराद याने थोरल्या व्लादना बोलावून घेतलं, अडकवून ठेवलं आणि सोडताना दोन मुलगे ओलीस ठेवून घेतले. एक आपला व्लाद, वय अकराबारा. दुसरा त्याचा धाकटा भाऊ राडू, जेमतेम पाच-सहा वर्षांचा असावा.

ओलीस म्हणजे काय, तर बापाने वाकडं पाऊल टाकलं तर मुलांची मान जायची. आणि बापाने वाकडं पाऊल टाकलं. १४४४ च्या वार्नाच्या मोहिमेत त्यांनी तुर्कांविरुद्ध आपलं सैन्य थोरल्या मुलाबरोबर, मिर्चाबरोबर पाठवलं. याच सुमाराला ब्राशॉव्ह शहराच्या कारभाऱ्यांना त्यांनी लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात ते म्हणतात, की ख्रिस्ती जगाच्या शांततेसाठी मी माझी मुलं मारली जाऊ दिली आहेत. म्हणजे मुलं गेलीच असं त्यांनी धरून चालवलं होतं! मुलं वाचली. मारण्यापेक्षा पाळून ठेवलेला वारस जास्त उपयोगाचा, हे सुलतानाला कळत होतं.

इथे जरा थांबा. सिनेमातला व्लाद मुलगा द्यायचा नाही म्हणून सैतानाशी सौदा करतो. खऱ्या व्लादच्या आयुष्यातली गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याला त्याच्या बापाने दिलं, आणि देऊन हिशेबातून वजा केलं. वयाच्या बाराव्या वर्षी परक्या दरबारात बसून "बाबांनी करार मोडला तर आपलं काय होईल" याचा विचार करणारा मुलगा ही केवढी मोठी गोष्ट आहे! ती सोडून कुठल्या गुहेत शिरायची गरजच काय होती?

१४४७ साली बाप मारला गेला आणि थोरला भाऊ मिर्चाही. मिर्चाला तिर्गोव्हिश्तेच्या लोकांनी जिवंत पुरलं असं म्हणतात. मारणारे कोणी तुर्क नव्हते. हंगेरीचा सेनानी हुन्यादी आणि त्याला सामील झालेले घरचे सरदार यांचंच ते काम. पुढच्याच वर्षी व्लाद तुर्कांच्या मदतीने गादीवर आला, महिना-दोन महिन्यांत गेलाही. मग आठ वर्षं इकडेतिकडे आश्रय घेत भटकला आणि १४५६ साली पुन्हा गादी मिळवली. या वेळी पाठीशी हंगेरी होती. राडू मात्र परत आला नाही. तो सुलतानाच्या दरबारातच वाढला, तिथलाच झाला.

मधल्या काळात जग बदललं होतं. १४५३ साली मुरादच्या मुलाने, मेहमेदने, कॉन्स्टँटिनोपल घेतलं. हा मेहमेद व्लादच्याच वयाचा. व्लादने काही वर्षं खंडणी भरली, मग थांबवली. सिनेमातली मुलांची मागणी अगदी हवेतली नाही. डुकास नावाच्या त्या काळच्या ग्रीक इतिहासकाराने खंडणीबरोबर पाचशे मुलांच्या मागणीचा उल्लेख केला आहे. पाचशेचे हजार झाले, तेवढं सिनेमाला माफ.

१४६१-६२ च्या हिवाळ्यात डॅन्यूब गोठली होती. व्लाद ती ओलांडून तुर्कांच्या मुलखात शिरला आणि नदीकाठची गावं जाळत गेला. ११ फेब्रुवारी १४६२ रोजी त्याने हंगेरीचा राजा मॅथियस कोर्व्हिनस याला पत्र लिहिलं. ते पत्र म्हणजे एक हिशेबच आहे. कुठल्या गावी किती मारले त्याची यादी, आणि एकूण बेरीज २३,८८४. त्यात तुर्कही होते आणि बल्गेरियन रयतही. शिवाय घरात जळून मेले किंवा ज्यांची मुंडकी मोजायला आणली गेली नाहीत, ते वेगळे, असंही नमूद केलंय. मुंडकी मोजून बेरीज करणारा राजा! पिशाच्चाची भीती वाटत नाही एवढी मला या बेरजेची वाटते.

उन्हाळ्यात मेहमेद स्वतः मोठं सैन्य घेऊन आला. व्लादकडे समोरासमोर लढण्याइतकं बळ नव्हतं. त्याने आपल्याच मुलखातली पिकं जाळली, विहिरी नासवल्या, गुरंमाणसं डोंगरात हलवली. १७ जूनच्या रात्री त्याने सुलतानाच्या छावणीवर छापा घातला. मेहमेदलाच गाठायचं असा बेत होता. तो साधला नाही, चुकीच्या तंबूवर घाव पडला असं सांगतात. सिनेमात मात्र व्लाद सुलतानाच्या तंबूत पोचतो आणि त्याला ठार करतो. खरा मेहमेद त्यानंतर एकोणीस वर्षं जगला, आणि १४८१ साली पुढच्या मोहिमेवर निघालेला असताना आजारी पडून वारला. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या माणसाला पडद्यावर १४६२ सालीच मारून टाकायचं म्हणजे जगाच्या इतिहासाची वीस पानं फाडण्यासारखं आहे. तेवढ्या वर्षांत त्याने बोस्निया घेतलं, क्रिमियाचे खान मांडलिक केले, त्याच्या फौजा इटलीच्या किनाऱ्यावर ओत्रांतोपर्यंत पोचल्या.

छाप्यानंतर मेहमेद राजधानीकडे, तिर्गोव्हिश्तेकडे सरकला. वाटेत त्याला जे दिसलं ते लाओनिकोस खाल्कोकोंडिलेस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. सुळांचं रान. वीस हजार माणसं सुळांवर, बायका आणि तान्ही मुलं धरून, आणि त्यांच्या आतड्यांत पाखरांनी घरटी केलेली. आकडा फुगवलेला असेल, शत्रूच्या आणि परक्याच्या लेखणीतून आकडे फुगतातच. पण सुळ होते यात शंका नाही. व्लादला पुढे 'त्सेपेश' म्हणजे सुळी देणारा हे नाव पडलं ते उगाच नाही.

आणि या सुळांचं सिनेमा काय करतो? सुळी देणं झालं खरं, पण नायकाचा हिशेब असा की एक गाव सुळावर दिलं की भीतीने दहा गावं वाचतात. झालं! लगेच तो हळवा नवरा आणि प्रेमळ बाप. ज्या गावाला सुळावर दिलं त्या गावात बापच नव्हते का? मला हा सिनेमा खुपला तो इथे. क्रूर माणसावर सिनेमा काढावा, जरूर काढावा. पण त्याच्या क्रौर्याला "जनहितार्थ" असं लेबल लावून पुढे सरकू नये. वर्गात इतिहास शिकवताना मुलं हमखास विचारायची, "सर, हा चांगला होता की वाईट?" मी म्हणायचो, आधी त्याने काय केलं ते नीट सांगा, कोणाला केलं तेही सांगा, मग बघू. सिनेमा उत्तर आधी देतो आणि कोणाला केलं ते सांगतच नाही.

आता राडूकडे येतो. १४६२ च्या मोहिमेत सुलतानाच्या सैन्याबरोबर राडू होता. मेहमेद माघारी गेला, राडू मागे राहिला आणि लोकांना सांगू लागला की माझ्याकडे या, सुळ संपले, लढाई संपली, खंडणी भरू आणि जगू. वालाकियाचे सरदार एकेक करून त्याच्याकडे गेले. तुर्कांच्या तोफांनी व्लाद हरला नाही, तो धाकट्या भावापुढे हरला. एकाच अंधाऱ्या वाटेने गेलेली दोन मुलं, एक सूड घेऊन परतला आणि एक तडजोड घेऊन. लोकांनी तडजोड निवडली. यापेक्षा मोठं नाट्य कुठल्या पटकथालेखकाला हवं आहे? पण 'ड्रॅक्युला अनटोल्ड' मध्ये राडू नाहीच! भाऊबंदकीची जागा व्लाद आणि मेहमेद यांच्या जुन्या दोस्तीला दिली आहे. गंमत अशी की ज्या स्टोकरने अद्भुत कादंबरी लिहिली, त्याच्या काउंटच्या तोंडीसुद्धा तुर्कांना विकल्या गेलेल्या नालायक भावाचा उल्लेख आहे. कादंबरीने भावाला ओळखलं आणि इतिहास सांगायला निघालेल्या सिनेमाने त्याला वगळलं.

पुढची हकीकत झटपट सांगतो. व्लाद मदतीसाठी मॅथियसकडे गेला, तर मॅथियसने त्याला कैदच केलं. व्लाद सुलतानाला फितूर आहे असं दाखवणारी पत्रं पुढे केली गेली. ती बनावट असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. धर्मयुद्धासाठी पोपकडून आलेला पैसा मॅथियसने दुसरीकडे खर्च केला होता, तेव्हा युद्ध न करण्याला कारण हवंच होतं. बारा-तेरा वर्षं व्लाद हंगेरीत अडकून पडला. १४७६ च्या अखेरीस तिसऱ्यांदा गादीवर बसला आणि काही आठवड्यांतच मारला गेला.

तो कैदेत असतानाच त्याची गोष्ट मात्र युरोपभर फिरू लागली. ट्रान्सिल्व्हेनियातले जर्मन व्यापारी त्याच्यावर दात धरून होते. ब्राशॉव्हच्या आसपास त्याने त्यांना लुटलं, जाळलं, सुळी दिलं होतं. छापखाना नुकताच निघाला होता. १४८८ साली न्यूरेंबर्गला त्याच्यावरची पुस्तिका छापली गेली, आणि १४९९ च्या आवृत्तीवर चित्र आहे ते असं, की सुळांवरच्या माणसांच्या शेजारी टेबल मांडून व्लाद जेवतोय. छापखान्यातून निघालेल्या पहिल्या सनसनाटी मालात ही पुस्तिका मोडते. आपल्याला वाटतं की बातमी तिखटमीठ लावून विकणं हा आजचा धंदा आहे. छे, तो छापखान्याबरोबरच जन्मला.

त्याच सुमाराला रशियात याच व्लादची हस्तलिखित कथा फिरत होती. तिच्यात तो क्रूर, पण चोरचिलटांचा कर्दनकाळ, न्यायी राजा. आणि रुमानियात एकोणिसाव्या शतकापासून तो स्वातंत्र्यवीर झाला. १९७६ साली त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली तेव्हा तिथल्या कम्युनिस्ट सरकारने तिकीट काढलं, १९७९ साली त्याच्यावर सिनेमाही निघाला. त्यात पिशाच्च नव्हतं. जर्मनांचा राक्षस, रशियनांचा कडक राजा, रुमानियनांचा वीर. सगळेच आपापल्या सोयीचा व्लाद रंगवत आले. या रांगेत हा सिनेमा शेवटचा, आणि सगळ्यात आळशी.

पण एक लक्षात घ्या. या पुस्तिकांतल्या व्लादवर हजार आरोप आहेत, मेल्यावर कबरीतून उठून रक्त पितो हा त्यांत नाही. व्लाद पिशाच्च नव्हता, त्याला कोणी पिशाच्च म्हणतही नव्हतं. ही गाठ स्टोकरने मारली, आणि तीही जवळजवळ योगायोगाने. १८९० च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमधल्या व्हिटबी या समुद्रकाठच्या गावी सुट्टीला गेला होता. तिथल्या ग्रंथालयात त्याला विल्यम विल्किन्सन यांचं वालाकियावरचं १८२० सालचं पुस्तक मिळालं. त्यातल्या एका तळटीपेत होतं की वालाकियन भाषेत 'ड्रॅक्युला' म्हणजे सैतान. तेवढं पुरलं. त्याने टिपणवहीत खलनायकाचं नाव 'काउंट वॅम्पायर' असं लिहिलं होतं, ते खोडून 'ड्रॅक्युला' केलं. ही टिपणं आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांत सुळांचा उल्लेख कुठे नाही. १८९७ साली कादंबरी आली. खरा व्लाद आणि काउंट हे एकच, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं ते १९७२ साली, मॅकनॅली आणि फ्लोरेस्कू या दोन प्राध्यापकांच्या पुस्तकामुळे.

आणखी एक. उन्हात पिशाच्च जळून जातं हा नियमही जुना नाही. स्टोकरचा काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. उन्हाने मरायची कल्पना १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाची. 'अनटोल्ड' मध्ये जी पुरातन शापवाणी म्हणून येते, ती प्रत्यक्षात सिनेमावाल्यांचीच शंभर वर्षांची युक्ती आहे.

मग खरी पिशाच्चं कुठली? ती राजवाड्यात नव्हती. गरिबांच्या गावात होती. १७१८ च्या तहाने उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला आणि तिथल्या गावांत सरकारी अंमलदार पोचले. १७२५ साली किसिलोव्हा गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला, आणि पाठोपाठ आठ दिवसांत नऊ माणसं गेली. मरताना ती म्हणाली, पेटार येऊन गळा दाबतो. गावाने कबर उकरली. प्रेत ताजं दिसलं, तोंडाला रक्त होतं. छातीत खुंटी ठोकून ते जाळलं. अंमलदाराने हा अहवाल वर पाठवला आणि व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात तो छापून आला. पुढे १७३१-३२ च्या हिवाळ्यात मेद्वेज्या गावात तीन महिन्यांत सतरा माणसं मेली. गावकऱ्यांनी बोट दाखवलं ते काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मेलेल्या आर्नोल्ड पाओलेकडे. तिथे लष्करी वैद्य फ्लुकिंगर गेला, त्याने कबरी उघडून एकेका प्रेताची नोंद केली. ती नोंद युरोपभर गाजली आणि १७३२ साली इंग्रजी वर्तमानपत्रांतून 'वॅम्पायर' हा शब्द घरोघर पोचला.

प्रेताला तोंडातून रक्त येतं, पोट फुगतं, कातडी सुटून खालची ताजी दिसते, हे सगळं कुजण्याचंच लक्षण आहे. खुंटी ठोकल्यावर आतली हवा बाहेर पडते तेव्हा प्रेत कण्हल्यासारखा आवाज येतो. आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असतं. पण घरातली माणसं एकामागून एक जात असताना हे कोण सांगणार, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार?

एकाने सांगितलं. १७५५ साली सिलेशियातल्या हेर्मर्सडॉर्फ गावात रोझिना पोलाकिन नावाच्या बाईचं प्रेत, पुरल्यावर काही आठवड्यांनी, गावाने उकरून काढलं. ती रात्री येऊन छळते अशी तक्रार होती. रिवाज असा की दफनभूमीच्या भिंतीला भोक पाडायचं आणि मेलेल्याच्या घरच्यांनीच आकड्याला दोर बांधून प्रेत त्यातून बाहेर ओढायचं. रोझिनाच्या घरच्यांना ते करावं लागलं. मग शिर तोडून जाळलं. ही बातमी महाराणी मारिया थेरेसा हिच्यापर्यंत गेली. तिने आपला राजवैद्य गेरार्ड फान स्वीटेन याला चौकशी सांगितली. त्याने लिहून दिलं की थंडी आणि हवेचा अभाव यांमुळे प्रेत टिकतं, यात पिशाच्च वगैरे काही नाही, आहे ते अज्ञान. महाराणीने हुकूम काढला, की यापुढे सरकारला कळवल्याशिवाय असे प्रकार करायचे नाहीत.

हुकमाने भीती जात नाही हेही खरं. १८९२ साली, म्हणजे स्टोकर कादंबरीची टिपणं काढत होता त्याच वर्षांत, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्सेटर गावी मर्सी ब्राउन ही एकोणीस वर्षांची मुलगी क्षयाने वारली. तिची आई आणि बहीण आधीच त्याच रोगाने गेल्या होत्या आणि भाऊ एडविन अंथरुणाला खिळला होता. शेजाऱ्यांच्या आग्रहाने तिघींची प्रेतं काढली. मर्सी जाऊन दोनच महिने झाले होते, थंडी कडाक्याची होती, प्रेत टिकलं होतं. तिचं काळीज जाळून त्याची राख भावाला औषध म्हणून पाजली. तो दोन महिन्यांत गेला. रॉबर्ट कॉकने क्षयाचा जंतू शोधला होता १८८२ साली. शोध लागला होता, दहा वर्षं झाली होती, फक्त तो एक्सेटरच्या त्या घरापर्यंत पोचला नव्हता. शिक्षक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला यापेक्षा टोचणारं वाक्य दुसरं नाही.

आपल्याकडे रक्त पिऊन जगणारा मुडदा फारसा नाही. आपला वेताळ प्रेतात शिरतो, पण तो कोडी घालतो आणि उत्तर बरोबर आलं की झाडाला जाऊन लटकतो. अगदी मास्तरांच्या पंथातला! रिचर्ड बर्टनने १८७० साली वेतालकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा नावात 'व्हॅम्पायर' घातलं, म्हणून तिकडे दोघांची गल्लत झाली. कोकणात आरवलीचा वेतोबा तर गावाचा राखणदार. तो रात्री गस्त घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. रात्री फिरणाऱ्याला खुंटी ठोकायची की चपला द्यायच्या, हा ज्या त्या गावाच्या स्वभावाचा प्रश्न.

पण फार खूश होऊ नका. आपण मुडदे उकरले नाहीत, जिवंत बायकांना मात्र डाकीण ठरवलं, मारलं, गावाबाहेर काढलं. घरात आजार आला की त्याला चेहरा द्यायचा, आणि तो चेहरा दुबळ्याचा शोधायचा, हे सर्बियात झालं आणि सातपुड्यातही. फान स्वीटेनला मागे महाराणी होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं कायदा मागत राहिले, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणाला भूताळी ठरवून जगणं नकोसं करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. १७५५ आणि २०१३ यांच्यामधलं अंतर मोजून बघा.

असो. सिनेमा करमणुकीसाठी असतो, त्याला पाठ्यपुस्तक करू नये हे मलाही समजतं. वटवाघळांची लाट करून सैन्य उडवायचं असेल तर खुशाल उडवावं. पण 'न सांगितलेली गोष्ट' असं नाव दिलं की थोडी जबाबदारी येते. न सांगितलेल्या गोष्टी खरंच आहेत हो. बापाने वजा केलेले दोन भाऊ आहेत. रोझिनाचा दोर ओढणारी घरची माणसं आहेत. बहिणीच्या काळजाची राख प्यायलेला एडविन आहे. यांच्यापैकी एकाचीही गोष्ट कोणी नीट पडद्यावर आणली, तर तिकीट काढून पहिल्या दिवशी बघायला जाईन. गुडघे दुखत असले तरी.

तुमच्यापैकी कोणी असा सिनेमा पाहिला असेल तर जरूर कळवा.